पिशवीतल्या दुधाची खीर

मी सिनेमात पाणी करते. कुणी विचारलं तर एवढंच सांगते. नायक दोरीच्या पुलावरून पळतो, पूल तुटतो, खाली खवळलेली नदी असते. शूटिंगच्या वेळी तो पूल जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंच असतो, नायकाच्या कमरेला जाड वायर असते आणि नदीच्या जागी हिरवं कापड पसरलेलं असतं. ती वायर पुसायची, कापडाच्या जागी नदी वाहती करायची, नायकाच्या तोंडावर तुषार उडवायचे, हे सगळं आमच्यासारखी माणसं संगणकासमोर बसून करतात. आधी मी पुण्यातल्या एका स्टुडिओत जाऊन हे काम करायची. मग घरून काम चालू झालं, त्यातच वडील गेले, आणि आईच्या सोबतीला म्हणून निपाणीला आले ती इथंच राहिले.

आईचं अर्धं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल असतो, आत काय आहे ते हात घालून बघायचं, हे ती तिथं शिकली आणि पुढं सगळ्याच बाबतीत तसंच करत राहिली. भाजीवाली, डॉक्टर, माझ्या लग्नाची स्थळं, कुणी सुटलं नाही. माझं काम काय आहे ते एकदा मी तिला नीट समजावून सांगितलं, ते तर फारच महागात पडलं. तेव्हापासून टीव्हीवर काहीही लागलं की ती विचारते, "ह्ये बी तुमीच केलंय काय?" एका पावसाळ्यात वेदगंगेचं पाणी हायवेला लागल्याची बातमी दाखवत होते. आईनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "पाणी जरा जास्तच तांबडं दाखवल्यालं हाय." मी वैतागून म्हटलं, जाऊन बघ मग. ती खरंच रिक्षा करून गेली आणि पाणी बघून आली.

आमची कॉलनी हायवेच्या पलीकडची, नवी. बँकेतले, शाळेतले, सोसायटीतले असे सगळे पगारी लोक. आमच्या गल्लीत आमच्या समाजाचं घर एकच. प्लॉट घेताना कुणी काही बोललं नव्हतं. घर बांधताना नाही, राहायला आल्यावरही नाही. आईला त्याचाच संशय. "बोलत न्हाईत म्हंजे मनात न्हाय असं हुतंय व्हय?" असं ती म्हणायची, आणि मी म्हणायची, तू उगीच काहीतरी शोधत बसू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या बाई मोबाईल घेऊन आल्या. त्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. त्यांचा मुलगा बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात आहे. त्याच्या कामावरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता, तो त्यानं आईला पाठवला होता.

"तू कॉम्प्युटरवर ह्येच करतीस न्हवं?" बाई म्हणाल्या. "बघ बरं, खरं आहे का बनवलेलं."

व्हिडिओत एका बाईचे हात दिसत होते. दुधाची पिशवी, नाव दिसणार नाही अशी धरलेली. दूध पातेल्यात ओतलं, गॅसवर ठेवलं, ते नासलं. मग त्या हातांनी चोथा गोळा केला, दाबला आणि ओढला. तो रबरासारखा लांबत गेला. सोडला की परत आखडला. मागून कुणीतरी हिंदीत सांगत होतं की पिशवीच्या दुधात प्लॅस्टिक असतं, तुमच्या मुलांना हेच पाजताय.

मी तो व्हिडिओ माझ्या मोठ्या पडद्यावर घेतला. एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, पुढं सरकवून बघितली. मधेच कुठं कट घेऊन पातेलं बदललंय का, हातावरचा उजेड उडी मारतोय का, गोळ्याची सावली त्याच्यासोबत हलतेय का. माझा धंदाच जोड शोधायचा आणि लपवायचा. पण काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून मला आणखीच शंका यायला लागली, कारण फार चांगलं काम केलेलं असलं की ते सापडत नाही. परत बघितलं. शेवटी म्हटलं, "बाई, ह्यात कापाकापी दिसत नाही. जे दाखवलंय ते घडलेलं आहे."

मी एवढंच म्हटलं होतं. बाईंनी ऐकलं ते असं, की सिनेमात काम करणाऱ्या पोरीनं सांगितलं, पिशवीत प्लॅस्टिकच असतंय.

दोन दिवसांत गल्लीतल्या बहुतेक घरांनी पिशव्या बंद केल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सीमेच्या दोन्हीकडच्या पिशव्या मिळतात, कन्नड अक्षरांच्या आणि मराठी अक्षरांच्या. एरवी ह्यातली कुठली चांगली यावर माणसं हुज्जत घालायची. आता दोन्ही सारख्याच वाईट ठरल्या. जवळच्या खेड्यातला एक गवळी मोटारसायकलला कॅन अडकवून सकाळी यायला लागला आणि प्रत्येक फाटकाशी मापानं दूध घालायला लागला. आमच्या फाटकाशीही तो थांबला. आई पिशवीचा कोपरा कातरीनं कापत होती, ती तशीच बाहेर आली आणि त्याला नको म्हणाली.

बाई समोरून म्हणाल्या, "आक्का, घ्या की. घरच्या म्हशीचं आहे. निदान कुणाच्या घरचं दूध ते तरी माहीत असतंय."

आईनं फाटक लावून घेतलं. आत आल्यावर पातेलं जरा जोरातच गॅसवर ठेवलं.

"ऐकलंस? कुणाच्या घरचं, म्हणत्यात."

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग तिनं मला सांगितलं. थोडंथोडं मी पूर्वी ऐकलं होतं, पण सगळं नीट लावून तिनं त्या दिवशीच सांगितलं.

तिच्या लहानपणी माझ्या आजीकडं एक म्हैस होती. गावात त्यांच्या घरचं दूध कुणी घेत नसे, म्हणून आई किटली घेऊन निपाणीच्या बाजारात एका हॉटेलात घालायला यायची. हॉटेलवाल्याला दूध आवडायचं. एक दिवस त्यानं सहज विचारलं, "कुणाच्या घरची गं तू?" आईनं सांगितलं. खोटं बोलायचं असतं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो हसला, त्या दिवसाचं दूध त्यानं मोरीत ओतायला लावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. रागावला नाही, ओरडला नाही. आई म्हणाली, वरडला असता तर बरं झालं असतं.

पुढं गावात डेअरीचं संकलन केंद्र निघालं. आई पहिल्यांदा तिथं रांगेत उभी राहिली तेव्हा पुढचा एकजण केंद्रावरच्या माणसाला म्हणाला, ह्यांचं वेगळं ठेवा. त्या माणसानं मान वर केली नाही. आईच्या किटलीतलं दूध तपासलं, मापलं आणि सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतलं.

"मी तितंच हुबी ऱ्हायले," आई म्हणाली, "झाकण लावूस्तवर. वाटत हुतं, मी गेल्यावर परत काढतील."

झाकण लागलं. कॅन टेम्पोत गेला. त्यानंतर पिशवीतल्या दुधावर आईनं कधी शंका घेतली नाही. ह्या एकाच गोष्टीवर ती शंका घेत नाही हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. पिशवीत सगळ्यांचं दूध असतं, कुणाच्या घरचं ते ओळखू येत नाही, म्हणूनच तिला ते चालत होतं.

बुद्धपौर्णिमा आली. विहारात वंदना करून आम्ही घरी आलो आणि पांढऱ्या साडीचा पदर खोचून आईनं तांदळाची खीर करायला घेतली. पिशवीच्याच दुधाची. मी म्हटलं, आज तेवढं गवळ्याकडून घ्यायचं होतंस. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि पिशवीचा कोपरा कापला. वेलदोडे कुटून घातले, झाकणाचे दोन डबे भरले. एक बाईंकडं, एक कोपऱ्यावरच्या घरी. तिथले मालक तंबाखूच्या व्यापारातले, रस्त्यात भेटले की हसणारे, घरात कधी न बोलावणारे. मी दोन्हीकडं डबे देऊन आले. दोन्हीकडं अगदी हसून घेतले.

माझं टेबल वरच्या खोलीत, खिडकीशी आहे. दुपारी मी एका सिनेमातल्या धबधब्याचं काम करत होते. डोळ्याला विश्रांती म्हणून बाहेर बघितलं, तर समोरच्या बाई डबा घेऊन कंपाउंडात आल्या होत्या. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि खीर नारळाच्या बुंध्याशी ओतली. वरून तांब्याभर पाणी टाकलं आणि चपलेनं माती सारली.

मी खिडकीपासून मागं झाले. का कोण जाणे, आपणच काहीतरी चोरून केलंय असं वाटलं. संध्याकाळपर्यंत खाली गेले नाही. गेले तेव्हा आईनं चहा पुढं ठेवला आणि तोंडाकडं बघून विचारलं, "वतली व्हय?"

"कोण?"

"कोण का असंना. वतली का?"

मी सांगितलं. आईचा चेहरा फारसा बदलला नाही. कपाच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "दुधासाठी वतली का आपल्यासाठी?"

दुधासाठी असेल तर ते मीच त्यांच्या डोक्यात भरवलेलं होतं. आपल्यासाठी असेल तर माझ्यामुळं त्यांना एक चांगलं, कुणालाही सांगता येण्यासारखं कारण मिळालं होतं. मी बाईंचा चेहरा आठवायला लागले. डबा घेताना त्या दोन्ही हातांनी घेतला का? झाकण माझ्यासमोर उघडलं का? "वास छान येतोय" म्हणाल्या होत्या, ते कसं म्हणाल्या होत्या? दिवसभर चौकटी चाळून मला सवयच झालेली. पण चाळून काही हाती लागेना.

आईनं मात्र विचार केलेला होता. आठवडाभरानं माझं त्या सिनेमाचं काम संपलं. त्या दिवशी सकाळी ती फाटकाशी उभी राहिली, मोटारसायकल थांबवली आणि गवळ्याकडून दूध घेतलं. बाई समोर झाडांना पाणी घालत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आई म्हणाली, "पोरीचं पिक्चर संपलं, खीर करायची हाय. चांगलं घाल रं दादा."

मग वर येऊन मला म्हणाली, "आता बघू."

पुन्हा दोन डबे. पुन्हा मीच. कोपऱ्यावरच्या घरी दार सुनेनं उघडलं. डब्याकडं बघून ती आत गेली, परत आली आणि म्हणाली, "अय्या, आज आमच्या घरी सगळ्यांचा उपास आहे." मी डबा घेऊन परत फिरले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाकरीचं पीठ सांडलेलं मला दारातून दिसलं होतं. पण असेलही उपास. भाकरी कामवालीसाठी असेल. मला ठाऊक नाही, आजही नाही.

बाईंनी मला आत बोलावलं. डबा उघडला, वाटीत घेतली आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या सगळी खाल्ली. मग "थांब, मी पण येते" म्हणून डबा धुतला, त्यात मूठभर साखर घातली आणि माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या.

आई स्वयंपाकघरात होती. बाईंनी डबा ओट्यावर ठेवला. आईनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "बाई, पौर्णिमेची खीर तुमी वतली. दुधासाठी का आमच्यासाठी?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बाईंचा पाण्याचा पेला तोंडापाशीच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खिडकीचं त्यांच्या लक्षात आलं असावं. पेला खाली ठेवला.

"दुधासाठीच, आक्का," त्या म्हणाल्या. "नातू आलेला घरात. तो डबा बघून मागायला लागला, मला भीती वाटली. टाकताना जिवावर आलं, पण टाकली."

आईनं त्यांच्यावरची नजर काढली नाही. बाईंनाच ते सहन होईना. त्या खाली बघत म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत. माझ्या सासूबाई असत्या तर कारण दुसरं असतं. आणि मी त्यांना काही बोलले नसते."

त्यानंतर आईनं चहा टाकला. दोघी उन्हाबद्दल, नातवाच्या शाळेबद्दल बोलत बसल्या. बाई गेल्यावर मी आईला म्हटलं, "झालं समाधान?"

"आर्दं," आई म्हणाली. "पयलं वाक्य त्यांनी तयार करून आणलं असंल. दुसरं न्हाय."

ह्यानंतर चारपाच दिवसांनी सकाळीच बाईंची हाक आली. हाक कसली, ओरडणंच. आम्ही दोघी धावत गेलो. गवळ्याचं दूध तापवायला ठेवलेलं फाटलं होतं. बाईंनी चोथा ताटलीत काढला होता आणि त्या तो दोन्ही हातांनी ओढत होत्या. तो लांबत होता, अगदी व्हिडिओतल्यासारखा. सोडला की आखडत होता.

"ह्यात बी प्लॅस्टिक!" बाई रडकुंडीला आल्या होत्या. "आता काय प्यायचं माणसानं?"

मग मी ते करायला बसले जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. व्हिडिओ नव्हे, दूध काय करतं ते वाचलं. आंबायला लागलेलं दूध तापवलं की त्यातलं प्रथिन असंच एकत्र येतं, रबरासारखं ताणलं जातं. म्हशीचं असो, गाईचं असो, पिशवीतलं असो, कॅनमधलं असो. त्या व्हिडिओत जोड नव्हताच. दाखवलेलं खरं होतं आणि मागून बोलणारा माणूस खोटं बोलत होता. मी सगळं चित्रात शोधत बसले होते.

मी हे गल्लीत सांगितलं. कुणी मान डोलावली, कुणी म्हणालं, नेटवर काय, कायबी लिहितात. बाईंनी मात्र ऐकलं. गवळ्याबद्दल गल्लीत भलतंसलतं बोलणं सुरू झालं होतं, पावडर मिसळतो, युरिया घालतो. आईच त्याच्या बाजूनं उभी राहिली. "उनात कॅन घिऊन हिंडतंय ते, नासणार न्हाय तर काय?" पण त्याची निम्मी घरं तुटलीच. कोपऱ्यावरच्या घरानं स्वतःची गीर गाय घेतली आणि शेतावर बांधली. त्यांना आता कुणाच्याच घरचं नको होतं. आई त्यांच्याकडं पुन्हा डबा पाठवत नाही.

पावसाळ्यात तो सिनेमा बेळगावला लागला. खजिना शोधायला निघालेली माणसं, जंगल, गुहा आणि शेवटी महापूर. महापुराचा बराच भाग आमच्या गटानं केलेला. मी आईला म्हटलं, चल. आई म्हणाली, बाईंना पण विचार. तिघी बसनं गेलो. संकेश्वरच्या पुढं पाऊस एवढा होता की काचेबाहेरचं काही दिसेना.

थिएटरात बाई माझ्या आणि आईच्या मधे बसल्या. पूल तुटला तेव्हा त्यांनी आईचं मनगट धरलं आणि पूर संपेपर्यंत सोडलं नाही. आई पडद्याकडं कमी आणि बाईंच्या हाताकडं जास्त बघत होती. सिनेमा संपला. लोक उठले, झाडणारी माणसं आत आली, पण आई उठेना. शेवटी नावं येतात हे मी तिला सांगून ठेवलेलं. इंग्रजी नावांचे ढीगच्या ढीग भराभर वर सरकत होते. आईला ती वाचता येत नाहीत.

"आलं काय गं तुजं?"

मी काही बोलायच्या आत बाई उभ्या राहिल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "ते बघा, आक्का, गेलं! मी बघितलं. चांगलं ठळक होतं."

आईनं मान हलवली आणि उठली.

परतीच्या बसमध्ये बाईंना झोप लागली. गाडी वळली की त्यांचं डोकं आईच्या खांद्यावर यायचं. निपाणी जवळ आली तसं आईनं मला हळूच विचारलं, "बाईंनी खरंच बघितलं काय गं नाव?"

"न्हाय आई," मी म्हटलं. "माझं नाव त्यात नव्हतंच. आमच्या कंपनीचं फक्त होतं."

"मला वाटलंच," आई म्हणाली. तिनं खांदा हलवला नाही. मग पदराचं टोक पुढं ओढून बाईंच्या अंगावर आलेली खिडकीची गळती अडवली, आणि बस स्टँडात शिरेपर्यंत ते टोक तसंच धरून बसली.